कान आत बसला पाहिजे

दहाव्याला माइक लावायला आलेल्या माणसाकडे कुणाचं लक्ष जात नाही. लोक घाटावर येतात, ओळखीचं तोंड शोधतात, घरच्यांना लांबून नमस्कार करतात आणि सावलीतली जागा धरतात. माइक त्यांच्या लेखी घाटाच्या पायऱ्यांसारखाच, असतोच. पण शिरूर तालुक्यात आणि खाली दौंडपर्यंत बिरूआप्पांकडे लोक हमखास बघायचे. कारण भर उन्हात, लाल पटक्यावरून, दोन्ही कानांवर वाटीएवढे काळे गोळे चढवून बसलेला तो एकच माइकवाला होता.

मी त्यांना जवळून पाहिलं ते माझ्या एका जोडकामामुळे. शिरूरला हायस्कुलात मी मराठी शिकवायचो. आवाज बरा, म्हणून आसपासच्या दशक्रियांना सूत्रसंचालनासाठी मला बोलावणं यायचं. आमच्याकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी सकाळी नदीवर विधी होतो, एकीकडे महाराजांचं प्रवचन चालतं आणि पिंडाला कावळा शिवला की श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. भाषणं करणारे पुष्कळ. सरपंच, माजी सरपंच, कारखान्याचे संचालक, होऊ घातलेले संचालक. "यानंतर श्रद्धांजली वाहतील" हे वाक्य माझ्या जिभेवर इतकं बसलं होतं की मी पोरांना जेवायला हाक मारतो तीसुद्धा त्याच सुरात, असं माझी बायको म्हणायची. तर मी माइकपुढे आणि आप्पा मशीनपाशी, अशी आमची जोडी नव्वदच्या आगेमागे जमली आणि पुढे कितीतरी वर्षं टिकली. एवढ्या लोकांच्या मरणाला आम्ही एकत्र हजर राहिलो, की आमच्या सोबतीला मैत्रीखेरीज दुसरं नाव द्यायला मी धजत नाही.

आप्पा कवठे येमाईचे. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती, आप्पांनी ती वाट सोडली आणि भोंगे घेतले. पण मेंढरं त्यांच्यातून गेली नव्हती. इतर माइकवाले पेटीवर स्वतःचं नाव रंगवून घेतात. आप्पांच्या पेटीवर पिवळ्या रंगात एक मेंढा होता, शिंगं वळलेला, जरा रागावलेला. नाव-गाव काही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "माझं नाव वाचून कुनाचं काय भलं व्हनार हाय? मेंढा बघितला की लोकांना कळतंय, बिऱ्याची पेटी."

घाटावर ते सगळ्यांच्या आधी आलेले असत. भोंगे नदीकडे न वळवता लोकांकडे, पण अंगावर न येतील असे बांधायचे. माइक तपासताना "हॅलो, हॅलो, वन, टू, थ्री" त्यांनी कधी केलं नाही. ज्याचा दहावा त्याचं नाव ते हळू आवाजात घ्यायचे. "दगडाबाई... दगडाबाई..." लोक जमायच्या आधी रिकाम्या घाटावर ते नाव पाण्यावरून जायचं आणि परत यायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. आप्पांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं. "ज्याच्यासाठी आलो त्याचं नाव पयलं जाऊ द्या भोंग्यातनं. मागनं हायतीच की समदे आपापली नावं घ्यायला."

पुढाऱ्यांची त्यांना भीड नव्हती. एका संचालकसाहेबांना माइक तोंडात घालायची सवय होती. आप्पा जागेवरून उठले, भाषण चालू असताना पुढे गेले, माइक साहेबांच्या हनुवटीखाली वीतभर सरकवला आणि म्हणाले, "साहेब, त्यो खायचा न्हाई." हे वाक्यही भोंग्यातून सगळ्या घाटाला ऐकू गेलं. दहाव्याला हसायचं नसतं, म्हणून लोकांनी पंचे तोंडाला लावले.

आता तो हेडफोन. भोंग्याच्या मागे बसणाऱ्याला भोंग्याचा खरा आवाज कळत नाही, तो पुढच्यांना कळतो, असं आप्पांचं म्हणणं. शिवाय प्रवचन ते कॅसेटवर उतरवून घरच्यांना द्यायचे. त्यासाठी मशीनमधून निघणारा आवाज थेट कानात हवा. पहिला हेडफोन त्यांनी दौंडला, स्टेशनसमोरच्या एका दुकानातून आणला होता. तिथे मुंबईचा माल यायचा. काळा, जडसर, परदेशी बनावटीचा. त्याच्या गाद्यांचं रेक्झिन सोलवटून मानेवर त्याची काळी टरफलं पडायला लागली, तेव्हा आप्पांनी घरची लोकर पिंजून, मखमलीच्या तुकड्यात भरून, नव्या गाद्या शिवून घेतल्या. शिवणारी त्यांची बायको, साळूआक्का. मी एकदा तो कानाला लावून पाहिला. बाहेरचं जग दार लोटल्यासारखं बंद झालं आणि कानाला ऊब लागली.

"हेडफोन बघताना पयलं काय बघायचं सांगू का सर?" ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं, तरी सांगितलंच. "कान आत बसला पायजे. वर न्हाई, आत. कानावर बसनारा हेडफोन म्हंजी डोक्यावर बसल्यालं पावनं, तासाभरात नको हुतंय. गादी कानाच्या भवतीनं टेकली पायजे, कानाला शिवली नाय पायजे. दुसरं, दाब. पकडला पायजे पन आवळला नाय पायजे. चष्म्याची दांडी रुतायला लागली की समजायचं, हा आपला न्हाई. आन् तिसरं वजन. दुकानात दोन मिनटं घालून कुनालाबी हलका वाटतोय, अर्धा तास घालून बसायचं."

"दुकानदार बसू देतो?"

"न बसू देऊन सांगतोय कुनाला?"

आणि आवाज? आवाजाबद्दल ते जास्त हळवे होते. धुमधुम करणारे हेडफोन त्यांना चालत नसत. ते लग्नाच्या वरातीला, म्हणायचे. बोलणाऱ्या माणसाचा श्वास ऐकू आला पाहिजे. आणि याची परीक्षा घ्यायला त्यांच्याकडे एक कॅसेट होती. कुठल्याशा म्हातारीच्या दहाव्याची. त्या दिवशी कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. ऊन वर आलं, महाराज थांबले, घाट गप्प झाला, आणि आप्पांनी माइक चालूच ठेवला होता. त्या कॅसेटवर बराच वेळ काही नाही. पाणी, कुणाचा खोकला, तांब्याची किणकिण. मग एकदम जवळून पंखांची फडफड, आणि पाठोपाठ सगळ्या घाटाने सोडलेला सुस्कारा. "ह्यो पंख ज्याच्यातनं आला त्यो हेडफोन खरा," आप्पा म्हणायचे. "बाकीचे कानझाकने."

पुढे शिरूरच्या अलीकडे कंपन्या आल्या. कारेगावात खोल्यांवर खोल्या चढल्या, बिहारकडची पोरं राहायला आली, आणि पोरांच्या मागोमाग मोठ्या खोक्यांचे साउंडवाले आले. जिकडेतिकडे धडधड. लग्नं आणि वराती आप्पांच्या हातून गेल्या, त्याचं त्यांना दुःख नव्हतं. दहावे त्यांच्याकडेच राहिले. पण याच सुमाराला आप्पांचा माइक टोचायला लागला.

कसं सांगू? आवाज पातळ झाला, टोकदार झाला. 'स' आला की सुई घातल्यासारखं व्हायचं. महाराज "सकळ संत" म्हणाले की पुढे बसलेल्या बाया पदर कानावर ओढायच्या. मला वाटलं भोंगे जुने झाले. आप्पा मात्र मशीनपाशी बसून कपाळाला आठ्या घालून बटण आणखी फिरवायचे, आणि आवाज आणखी धारदार व्हायचा. कुणी काही बोललं नाही. वयाचा मान, दुसरं काय. आपल्याकडे मान राखायचा म्हणजे माणसाला काही सांगायचं नाही असाच अर्थ आहे, आणि त्यापायी कितीतरी भली माणसं अंधारात राहतात.

मग निमोण्याच्या बाजूला एक मोठा दहावा झाला. घाट भरलेला. श्रद्धांजली चालू असताना माइकने शिट्टी मारली. अशी शिट्टी कुठल्याही माइकला येते, माइकवाला चटकन बटण खाली घेतो, संपलं. ही संपेना. लोकांनी कानावर हात ठेवले. लहान पोरं रडायला लागली, झाडावरचे पक्षी उठले. मी वळून पाहिलं. आप्पा त्यांच्या जागी बसले होते, हेडफोन कानाला, तोंडावर नेहमीचं शांत लक्ष, आणि बोटांनी बटण हळूहळू वर घेत होते. एवढ्या लोकांत ती शिट्टी न ऐकणारा माणूस तो एकच होता. शेवटी बोलणारे पुढारी माइक सोडून ओरडले, "अरे, बंद कर ना ते! बहिरा आहेस का?"

शब्द कळले नाहीत, पण सगळ्यांची तोंडं आपल्याकडे वळलेली आप्पांना दिसली. त्यांनी मशीन बंद केलं. हेडफोन काढून उलटासुलटा करून पाहिला, गादी दाबून पाहिली, पिन पुसली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हेडफोन गेलाय सर. कवाचा संशय येत व्हता मला."

त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. कित्येक महिने त्यांना आवाज मातकट ऐकू येत होता, म्हणून ते धार वाढवत होते, आणि दोष त्या लोकरीच्या गाद्यांच्या जुन्या सोबत्याला देत होते. नवा, चांगला हेडफोन मिळाला की सगळं पहिल्यासारखं होणार होतं. त्यांनी त्यावर सगळी आशा ठेवली होती. दुसरीकडे कुठे ती ठेवायला जागाच नव्हती, कारण त्यांना येत होतं ते एवढंच एक काम.

त्यांनी शोध सुरू केला. शिरूरच्या दुकानात एक घेतला, परत केला. कुणाच्या तरी ओळखीने पुण्याहून मागवला, तो गळक्या माठासारखा निघाला म्हणाले. शेवटी मला घेऊन दौंडला निघाले. त्यांची लेक कमल दौंडलाच दिलेली, जावई रेल्वेत. तिला दुकानावरच यायला सांगितलं होतं.

पुलावरून एसटी जाताना खाली भीमेचं पाणी पार आटलेलं होतं. आप्पा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पिशवीत छोटा टेप आणि ती म्हातारीच्या दहाव्याची कॅसेट. रस्ताभर ते बोलत होते, मी मान हलवत होतो, आणि मी काही बोललो की ते माझ्या तोंडाकडे निरखून बघत होते. मला कळत होतं, पण मीही इतरांसारखा मान राखून होतो.

दुकानातला मालक तरुण होता, सोशिक होता. आप्पा एकेक हेडफोन मागत, टेपला जोडत, पटका सारखा करून घालत, डोळे मिटत. कावळ्याची जागा येऊन जायची आणि आप्पा मान हलवायचे. "ह्यात बी न्हाई." पुढचा. "कान बसतोय, पन पंख न्हाई." पुढचा. काउंटरवर काळे गोळे साठत गेले. मालकाने आतून, काचेच्या कपाटातून, सगळ्यात भारी एक काढला. मऊ, रुंद, हलका. आप्पांनी तो घातला आणि बराच वेळ तसेच बसले. मग कॅसेट मागे घेतली. पुन्हा ऐकली. पुन्हा मागे घेतली.

एवढ्यात कमल आली. पदर डोक्यावर, हातात भाजीची पिशवी, हसतमुख पोरगी. "आप्पा, किती येळ! आन् ह्ये काय दुकान मांडलंय?"

"कावळा घावंना," आप्पा म्हणाले.

"कसला कावळा? बघू." तिने सहज तो हेडफोन बापाच्या डोक्यावरून उचलला आणि स्वतःच्या कानाला धरला. आप्पांनी टेप चालू केला. जरा वेळाने कमलने दचकून हेडफोन लांब केला आणि हसली. "अगं बया! हाय की आप्पा! केवढ्यांदा फडफडला, कानातच शिरला म्हना की!"

मी आणि मालकाने एकमेकांकडे पाहिलं. कमलचं हसू तोंडावर तसंच राहिलं, तिला काय झालं ते कळेना. आप्पांनी हेडफोन तिच्या हातातून घेतला आणि माझ्यापुढे धरला. "सर, तुमी बघा." मी घातला. पाणी, खोकला, तांब्या, आणि मग ते पंख, स्वच्छ, एकेक पीस मोजून घ्यावं असे. मी मान वर केली. आप्पा माझ्याकडे बघत होते.

"येतोय, आप्पा," मी म्हणालो.

"ह्या आधीच्यात?"

मालकाने आपणहून आधीचे दोन-तीन लावून पाहिले आणि खाली बघत म्हणाला, "सगळ्यात येतोय, बाबा."

आप्पांनी टेप बंद केला. कॅसेट काढली, डबीत ठेवली, डबी कोपरीच्या खिशात घातली. हे सगळं त्यांनी फार सावकाश केलं. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना रडताना पाहिलंय, माझं कामच तसं होतं. पण त्या दुपारी त्या दुकानात मला जितकं वाईट वाटलं तितकं क्वचित वाटलं असेल. माणूस गेला की निदान दहावा तरी घालता येतो. मग आप्पा मालकाला म्हणाले, "आता आवाजाचं ऱ्हाऊ द्या. ह्यातला मऊ कुठला त्यो दावा."

त्यांनी पुन्हा सगळे हातात घेतले, पण आता स्वतःच्या डोक्यावर नाही. कमलच्या. पदरावरून घालून पाहिला. "अंबाड्याला आडतोय का गं? मान दुखंल का? कानातलं रुततंय का बघ." कमल बिचारी हो-नाही करत होती. मला वाटलं, लेकीला गाणी ऐकायला घेऊन देतायत, दुःखाच्या भरात माणूस काहीही खरेदी करतो. शेवटी तो कपाटातलाच घेतला.

तो कुणासाठी होता ते पुढच्या दहाव्याला कळलं. मी घाटावर पोचलो तर मशीनपाशी आप्पांच्या शेजारी साळूआक्का बसलेल्या. काटकुळी बाई, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, आणि पदरावरून तो मोठा मऊ हेडफोन. हात गुडघ्यावर. आवाज टोचला की तळवा खाली, दबला की वर, बरा असला की आडवा धरलेला. आप्पांची नजर त्या हातावर आणि बोटं बटणावर. लोक बघत राहिले. कुणीतरी म्हणालंच, "आप्पा, बायकू मशिनीला जोडली का काय?" आप्पांना ते ऐकू आलं नाही. आक्कांना आलं असावं, पण त्यांनी तळवा आडवाच ठेवला.

आणि आवाज सुधारला. गोल झाला, मऊ झाला. बायांनी कानावरचे पदर काढले. कारेगावच्या साउंडवाल्यांकडे वळलेले लोक परत आले. त्या दोघांची एक अशी लय बसली की मीसुद्धा बोलताना तिरप्या नजरेने आक्कांच्या हाताकडे बघायला लागलो. चुकून जास्त चढलो की तो हात मला खाली आणायचा.

एक दहावा विसरत नाही. गेलेला माणूस गावात मोठा होता आणि घरात राक्षस होता. बायकोच्या अंगावरचे वळ सगळ्या आळीला माहीत. श्रद्धांजलीला तेच आमचे संचालकसाहेब उभे राहिले आणि सुरू झाले, देवमाणूस गेला, घराचा आधारवड गेला, माउलीला फुलासारखं जपलं. मी पाहिलं तर आक्कांचा तळवा खाली चालला होता. आणखी खाली. आणखी. आप्पांची बोटं मुकाट्याने त्यामागे. साहेबांचा आवाज पातळ होत होत गेला आणि पुढच्या दोन रांगांपलीकडे नुसती त्यांची हनुवटी हलताना दिसायला लागली. साहेब बोलतच राहिले. बायांच्यात सगळ्यात पुढे बसलेल्या त्या विधवेने खाली घातलेली मान सबंध सकाळीत पहिल्यांदा वर केली. नंतर मी आक्कांना म्हणालो, "तुम्ही तर साहेबांना बंदच केलंत." त्या म्हणाल्या, "मशिन जुनं झालंय सर."

अशी काही वर्षं गेली. आप्पांचे कान पुरते गेले. जवळ तोंड नेऊन ओरडलं तर कळायचं. माझी नोकरी संपली. आणि एका पावसाळ्यानंतर आक्का तापाने आजारी पडल्या, दवाखान्यात नेल्या आणि परत आल्या नाहीत. एवढी माणसं पोचवलेली आम्ही, पण ही बातमी मला सहन झाली नाही. मी उठून गोठ्यामागे जाऊन रडलो.

त्यांचा दहावा कवठ्याला झाला. आप्पांच्या मुलाने कारेगावचा साउंड आणला होता, काळी खोकी, निळे दिवे. सूत्रसंचालन मीच केलं. बोलता बोलता सवयीने मशीनकडे बघितलं, तिथे जीन्स घातलेला पोरगा मोबाइलशी खेळत होता. आप्पा लोकांत बसले होते, पाहुण्यांसारखे, कुणाच्याच तोंडाकडे न बघता.

पंधरवडा गेला नसेल, ते माझ्या घरी आले. दोन पोती भरून कॅसेटी आणि तो हेडफोन. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सर, समद्या तालुक्याचा आवाज हाय माज्याकडं. कोन कोन मेलं, कोन कोन बोललं, समदं हाय. हिचा न्हाई. एवढी वर्सं माज्या मांडीला मांडी लावून बसली, पन हात हलवायची नुसती. माज्या तपासनीचा माइक तिच्या म्होरंच पडल्याला असायचा, भोंग्याला न्हाई पन टेपला जोडल्याला. कवातरी खोकली आसंल. कुनाला पानी मागितलं आसंल. तुमी ऐकून बघता का?"

नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. दर रविवारी दुपारी ते यायचे. मी खुर्चीत, कानाला हेडफोन, पुढ्यात टेप. ते समोर पाटावर. तो हेडफोन खरंच सुखाचा होता, तासन्तास घातला तरी कुठे रुतत नव्हता. मी महाराज ऐकत होतो, संचालक ऐकत होतो, माझाच "यानंतर श्रद्धांजली वाहतील" ऐकून विटत होतो. आणि आप्पा सबंध वेळ माझ्या तोंडाकडे बघत असायचे. खाजवायला भुवई उचलली तरी ते पुढे झुकायचे. मग मी मान हलवायचो आणि ते परत मागे टेकायचे. माझी बायको चहा ठेवून जायची, तो तसाच निवायचा. सापडणार नाही, हे मला वाटायला लागलं होतं, आणि ते त्यांना सांगायचं कसं याच्या काळजीत मी होतो.

सापडलं ते आन्नापूरच्या एका दहाव्यात. प्रवचन संपून मी वक्त्यांची नावं वाचत होतो. माझ्या आवाजाच्या खालून, पण अगदी जवळून, दोन बायांची कुजबुज. एक अनोळखी बाई विचारत होती, "साळे, तुला त्यातनं समदं बारीकसारीक ऐकू येतंय व्हय गं?"

आणि मग आक्का. "कुठलं बाई. औंदापासनं मला बी न्हाई येत. म्होरं बसल्याल्या बायांच्या तोंडाकडं बघती आन् हात हलिवती. तोंडं वाकडी झाली की खाली घ्यायचा." जरा थांबून, "ह्यांना बोलू नगंस कुटं. लई आशेनं आनलाय त्यांनी ह्यो."

पुढे माझा आवाज, पुढचं नाव.

मी टेप थांबवला. काही लपवण्याजोगं तोंड माझ्याकडे उरलं नव्हतं. आप्पा उठून माझ्या गुडघ्यापाशी आले होते.

"घावली?"

मी मान हलवली.

"काय म्हनती?"

ती 'बोलू नगंस' म्हणाली होती. पण तिचं बोलणं त्यांचं होतं, माझं नव्हतं. मी वाकलो, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि जे तिने कुजबुजून सांगितलं होतं ते बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं. शब्द न् शब्द. स्वयंपाकघरातून बायको धावत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

आप्पा खाली बसले. "म्हंजी तिला बी न्हाई," ते म्हणाले. मग, "आमी दोघंबी अंदाजानंच." त्यांचे ओठ हलत होते, हसतायत की काय ते कळेना. मग एकदम त्यांच्यातला माइकवाला जागा झाला. "आवाज कसा उतारलाय? फाटला न्हाई ना?"

"साफ आहे, आप्पा," मी ओरडलो.

"मागं घ्या."

त्यानंतर ते लेकीकडे दौंडला राहायला गेले आणि माझं जाणं काही झालं नाही. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. मी टेप मागे घेतला. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला, पांढरे केस मागे सारले आणि हेडफोन स्वतःच्या कानावर चढवला. "ती बोलाया लागली की हात वर करा," म्हणाले, "आन् थांबली की खाली घ्या." मी रीळ बघत, लहान आवाजात बाहेर पाझरत होतं ते ऐकत, जागा आली तसा हात वर केला. आप्पांनी माझा हात पाहिला आणि डोळे मिटले. तिचं बोलणं दोन-चार वाक्यांचंच. ते संपलं, मी हात खाली घेतला. पण आप्पांचे डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे त्यांना ते कळलं नाही. कॅसेटवर मी एकामागून एक नावं वाचत होतो, आणि ते मान किंचित कलती करून ऐकत होते. मी टेप बंद केला नाही.